कमरेची रेषा

ग्रेट ब्रिटनमध्ये अपंग माणसाला सरकारी साहाय्य मागताना ज्या कसोटीस उतरावे लागते, त्या कसोटीने मनुष्यदेहावर कमरेपाशी एक रेषा ओढलेली आहे. अंग धुण्यास दुसऱ्याच्या हाताची गरज लागते, एवढे सांगून तेथे भागत नाही. ती गरज कमरेच्या वर लागते की खाली, हेही सांगावे लागते. केस धुण्यास किंवा कमरेखालचे अंग धुण्यास मदत लागत असेल तर अर्जदाराच्या नावावर दोन गुण मांडले जातात. खांद्यापासून कमरेपर्यंतचे अंग धुण्यास लागत असेल तर चार. कपड्यांच्या बाबतीतही हाच न्याय आहे : विजार चढवण्यास कोणी लागत असेल तर दोन गुण, सदरा चढवण्यास लागत असेल तर चार. ज्याने आपल्या वृद्ध आईला अखेरच्या दुखण्यात स्वतःच्या हातांनी न्हाऊ घातले असेल, त्याला ही रेषा कोठून आली असा प्रश्न पडल्यावाचून राहणार नाही. कारण परस्वाधीनतेचे दुःख आणि त्या दुःखाबरोबर येणारी लाज यांचा सर्वांत मोठा वाटा कमरेच्या खालीच असतो, हे त्याने त्या माउलीच्या मिटलेल्या डोळ्यांत पाहिलेले असते.

हा भत्ता तेथे २०१३ पासून अमलात आहे. त्याचे नाव पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट असे असून लोकांच्या तोंडी तो 'पिप' या आद्याक्षरांनी रूढ झाला आहे. स्वयंपाक, भोजन, स्नान, शौच, वस्त्रे, वाचन, संभाषण अशा दहा नित्यकर्मांची त्यात छाननी होते. बेरीज आठ झाली तर भत्ता पदरात पडतो, बारा झाली तर अधिक दराने पडतो, आणि सात झाली तर काहीच नाही. संधिवाताने गुडघे आणि बोटे आखडलेली एक स्त्री डोळ्यांपुढे आणावी. उंच स्टुलावर टेकल्यावाचून तिला चुलीपाशी उभे राहता येत नाही, त्याचे दोन गुण. शौचकूपात भिंतीला बसवलेल्या दांड्याचा आधार घ्यावा लागतो, त्याचे दोन. कमरेखालचे अंग दुसऱ्याने धुवावे लागते, त्याचे दोन. आणि विजार दुसऱ्याने चढवावी लागते, त्याचे दोन. चार दुणे आठ. एवढ्यावर २०२५-२६ या वर्षाच्या दराने तिला आठवड्याला ७३.९० पौंड मिळतात, आणि तिची शुश्रूषा करण्यासाठी कोणी नोकरी सोडून घरी बसले असेल, तर त्या माणसाचा भत्ताही याच आठ गुणांना बांधलेला असतो.

१८ मार्च २०२५ रोजी मजूर पक्षाच्या सरकारने अशी तजवीज मांडली की नोव्हेंबर २०२६ पासून केवळ आठ ही बेरीज पुरेशी मानू नये, तर दहांपैकी निदान एका कर्मात अर्जदाराला एकरकमी चार गुण मिळालेले असावेत. या एका वाक्याने वर सांगितलेल्या स्त्रीचा भत्ता पुढच्या छाननीत संपुष्टात आला असता. तिच्या गुडघ्यांत काही सुधारणा होणार नव्हती, तिच्या बोटांची वेदना कमी होणार नव्हती. बदलणार होता तो फक्त बेरजेचा नियम. या व अन्य बदलांनी २०२९-३० पर्यंत वर्षाला सुमारे पाच अब्ज पौंड वाचतील असा सरकारचा हिशेब होता, आणि त्याच सरकारच्या स्वतःच्या परिणामांच्या अंदाजात हेही नमूद होते की त्यामुळे अडीच लाख माणसे दारिद्र्याच्या रेषेखाली ढकलली जातील व त्यांपैकी ५०,००० बालके असतील.

त्यानंतरच्या साडेतीन महिन्यांत जे घडले ते लोकशाहीच्या अभ्यासकाने मन लावून पाहण्यासारखे आहे. ज्यांना घराबाहेर पडण्यास दोन माणसे आणि एक उतरती फळी लागते, अशा लोकांनी गावोगावी निदर्शने केली. आपापल्या खासदारांना पत्रे लिहिली. स्वतःच्या न्हाणीघरातील गोष्टी, ज्या माणूस सख्ख्या भावालाही सांगत नाही, त्या परक्या माणसांपुढे उघड केल्या. परिणामी सत्तारूढ पक्षाच्याच १२० हून अधिक खासदारांनी विधेयक अडवण्याच्या सूचनेवर सह्या केल्या, आणि १ जुलै २०२५ रोजी, प्रत्यक्ष चर्चा चालू असता, मंत्री स्टीफन टिम्स यांना सभागृहात उभे राहून चार गुणांची अट विधेयकातून काढून घेत असल्याचे जाहीर करावे लागले. विधेयक ३३५ विरुद्ध २६० मतांनी पुढे सरकले खरे, परंतु त्याचा गाभा तोवर निघून गेला होता. कसोटीचा फेरविचार टिम्स यांच्या अध्यक्षतेखाली होईल आणि तो अपंगांना बरोबर घेऊन होईल, असे अभिवचनही सरकारला द्यावे लागले. विजय अर्थात् पुरा नव्हता. आजारपणामुळे काम करू न शकणाऱ्यांना मिळणारी दुसरी एक पुरवणी रक्कम नव्या अर्जदारांसाठी एप्रिल २०२६ पासून आठवड्याला सुमारे ९७ पौंडांवरून ५० पौंडांवर आणण्याची तरतूद कायदा होऊन बसली.

या सर्व प्रकरणातून जो एक सिद्धान्त मला निःसंदिग्धपणे निघताना दिसतो तो असा : अपंग नागरिकाला मिळणारे साहाय्य हे राज्याचे देणे आहे, आणि ते देणे किती हे ठरवणारी मोजपट्टी ज्यांच्या अंगाला ती लावायची त्यांच्या सहभागाने बनली पाहिजे. जेथे असे घडत नाही तेथे कपात ही कपात म्हणून कधीच येत नाही. ती मोजमापाचे, छाननीचे, रुजुवातीचे रूप घेऊन येते, आणि तिला विरोध करणारा माणूस जणू हिशेबालाच विरोध करीत आहे असे भासवता येते.

ब्रिटनमधील अपंगांना हे ज्ञान एका दिवसात झालेले नाही. १९७२ च्या सप्टेंबरात पॉल हंट या गृहस्थाने 'गार्डियन' या वृत्तपत्राला एक पत्र लिहिले. त्याच्या आयुष्यातील कितीतरी वर्षे अपंगांच्या निवासगृहात गेली होती. त्या पत्रातून अपंगांनी स्वतः चालवलेली एक संघटना उभी राहिली. दक्षिण आफ्रिकेतील वर्णद्वेषी राजवटीने ज्याला तुरुंगात टाकले होते आणि जो स्वतः चाकांच्या खुर्चीतून वावरत असे, तो विक फिंकेलस्टीन तिच्या धुरीणांपैकी एक होता; आणि एका समाजाने दुसऱ्या समाजाला वेगळे काढून ठेवणे म्हणजे काय, हे त्याला पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. १९७६ साली या संघटनेने प्रसिद्ध केलेल्या मूलतत्त्वांत एक भेद स्पष्ट केला गेला : शरीरातील न्यून ही एक गोष्ट, आणि समाजाने घातलेल्या अडथळ्यांमुळे पदरी येणारे अपंगत्व ही दुसरी. पाय चालत नाही हे न्यून झाले. कचेरी दुसऱ्या मजल्यावर आहे आणि वर जाण्यास केवळ जिना आहे, हे अपंगत्व झाले. पहिल्याचा कर्ता दैव असेल, दुसऱ्याचा कर्ता बांधकाम खाते आहे. एवढे एकदा मान्य केले की भत्त्याचे स्वरूपच पालटते. मग तो दयेपोटी दिलेली खैरात राहत नाही; आपण उभ्या केलेल्या जिन्याबद्दल समाजाने भरलेली ती भरपाई ठरते.

या विचारावर पोसलेली माणसे कोणत्याही पक्षाच्या दावणीला बांधली गेली नाहीत, हे त्यांच्या चळवळीचे बळ. १९९७ च्या डिसेंबरात, मजूर पक्षाचे सरकार नवेच आलेले असता, भत्त्यांत कपात होणार अशी वार्ता उठताच, त्यांनी पंतप्रधानांच्या निवासाच्या फाटकापाशी तांबडा रंग ओतून निदर्शने केली. २०१० साली हुजूरपक्षीय अर्थमंत्र्याने तेव्हाच्या अपंग भत्त्यावरील खर्च एक-पंचमांशाने घटवण्याचे उद्दिष्ट जाहीर केले, तेव्हा त्या पक्षाच्या बर्मिंगहॅम येथील अधिवेशनाबाहेर निघालेल्या मोर्च्यातून 'डिसेबल्ड पीपल अगेन्स्ट कट्स' ही संघटना जन्मास आली. जानेवारी २०१२ मध्ये लंडनच्या ऑक्सफर्ड सर्कस या गजबजलेल्या चौकात चाकांच्या खुर्च्या एकमेकींना साखळदंडांनी जखडून रस्ता अडवला गेला. पोलिसांना तो देखावा पेचात टाकणारा होता. उभ्या माणसाला दंडाला धरून बाजूला करता येते, परंतु बसल्या जागी जखडलेल्या दहा माणसांचे काय करावे याचा धडा कोणत्याही पोलीस शाळेत दिलेला नसतो. त्याच वर्षी लंडनमध्ये अपंगांच्या ऑलिंपिक स्पर्धा भरल्या, आणि अपंगांना कामास योग्य ठरवण्याची तपासणी ज्या कंपनीकडे मक्त्याने दिलेली होती, तीच ॲटॉस कंपनी त्या स्पर्धांची एक पुरस्कर्ती होती. निदर्शकांनी तिच्या दारात शवपेटी नेऊन ठेवली. २०१४ मध्ये तो मक्ता मुदतीपूर्वीच संपवण्याचे ठरले.

शवपेटी हे केवळ प्रतीक नव्हते. २०१५ च्या ऑगस्टमध्ये, माहितीच्या अधिकाराखाली दीर्घकाळ पाठपुरावा झाल्यावर, सरकारने जे आकडे बाहेर काढले, त्यांवरून डिसेंबर २०११ ते फेब्रुवारी २०१४ या अवधीत, कामास योग्य ठरवले गेल्यानंतर, २,३८० माणसे मरण पावल्याचे दिसले. मृत्यू आणि निकाल यांचा कार्यकारणसंबंध या आकड्यांवरून सिद्ध होत नाही, असे सरकारने म्हटले, आणि तर्कदृष्ट्या ते चूक नाही. परंतु जो माणूस थोड्याच काळात मरणार होता त्याला धडधाकट म्हणणारी तपासणी कोणत्या प्रतीची होती, हा प्रश्न त्या उत्तराने मिटत नाही. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात, २०१० ते २०१३ या काळातील फेरतपासणीशी इंग्लंडातील सुमारे ५९० अधिक आत्महत्यांचा संबंध आढळला. २०१६ च्या नोव्हेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या अपंग-हक्क समितीने चौकशीअंती असा निर्णय दिला की त्या देशात अपंगांच्या हक्कांचे गंभीर किंवा पद्धतशीर उल्लंघन झाले आहे. या समितीने अशा प्रकारची केलेली ही पहिलीच चौकशी, आणि ती मागितली होती ती अपंगांच्या संघटनांनी. ज्या देशाचे नाव कल्याणकारी राज्याच्या कल्पनेशी जोडले गेले आहे त्याच्याविरुद्ध हा निकाल लागावा, ही साधी घटना नव्हे.

या चळवळीत उतरणे किती कठीण आहे याची कल्पना धडधाकट माणसाला सहसा येत नाही. कामगाराच्या हाती संप असतो, शेतकऱ्याच्या हाती धान्य असते, विद्यार्थ्याच्या हाती संख्या आणि तारुण्य असते; अपंग माणसाच्या हाती यांपैकी काही नसते. ज्याला दिवसातून चारच तास अंगात त्राण असते तो मोर्च्याला येतो तेव्हा तो पुढच्या तीन दिवसांचे त्राण उसने घेऊन येतो. शिवाय त्याच्यापुढे एक विलक्षण पेच असतो. तो घरी राहिला तर सरकार म्हणते, कोणाची काही तक्रार दिसत नाही. आणि तो रस्त्यावर आला तर कोणीतरी म्हणतो, एवढे घोषणा देण्याचे बळ आहे तर काम करण्याचे का नाही? आपले म्हणणे मांडण्याची क्षमता हाच आपल्याविरुद्धचा पुरावा ठरेल, अशी धास्ती मनात वागवीत जो माणूस बोलण्यास उभा राहतो, त्याच्या बोलण्याला इतरांच्या भाषणांपेक्षा अधिक वजन दिले पाहिजे असे मला वाटते.

आता दुसऱ्या बाजूचेही ऐकले पाहिजे. सरकारचे म्हणणे असे की खर्च फुगत चालला आहे. २०२५ च्या आरंभी इंग्लंड व वेल्स मिळून सुमारे ३७ लाख माणसे हा भत्ता घेत होती. महासाथीनंतर, विशेषतः मनोविकारांच्या बाबतीत, अर्ज झपाट्याने वाढले. आणि काम हाच माणसाच्या उद्धाराचा खरा मार्ग आहे. यांतील पहिला मुद्दा खरा आहे आणि तो झटकून टाकणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. परंतु खर्च वाढला याचा अर्थ तो लुच्चेगिरीने वाढला असा होत नाही. या भत्त्यातील फसवणुकीचे प्रमाण सरकारच्याच हिशेबाने शेकडा एकाहूनही कमी आहे. उलट, भत्ता नाकारला म्हणून जे अर्जदार नेटाने न्यायाधिकरणापर्यंत जातात, त्यांच्यापैकी सुमारे दोन-तृतीयांशांच्या बाजूने निकाल लागतो. म्हणजे चूक आहे, परंतु ती ज्या बाजूला आहे असे लोकांना सांगितले जाते त्या बाजूला नाही.

कामाच्या मुद्द्याला उत्तर देताना महाराष्ट्रातील माणसाला दूर जाण्याचे कारण नाही. काम माणसाला उभे करते, हे बाबा आमट्यांनी जितक्या निष्ठेने मानले तितके क्वचितच कोणी मानले असेल. नुसत्या दानाने माणूस खुजा होतो, ही त्यांची श्रद्धा होती. परंतु वरोऱ्याजवळच्या आनंदवनाच्या खडकाळ रानात ज्यांना कुष्ठरोगाने आणि समाजाने घराबाहेर काढले होते त्यांच्याकडून त्यांनी काम करून घेतले, ते कोणत्या क्रमाने? आधी जमीन आली, डोक्यावर छप्पर आले, आणि मग काम आले. आनंदवनात कोणालाही आधी छप्पर काढून घेऊन नंतर श्रमाचे माहात्म्य सांगितले गेले नाही. ब्रिटनमधील कपातीत हा क्रम नेमका उलटा होता. 'पिप' हा बेकारीचा भत्ता नव्हेच. नोकरी करणाऱ्या कितीतरी अपंगांना तो मिळतो, आणि त्याच्या जोरावरच ते नोकरी टिकवून असतात. त्याच्या, आणि त्यापूर्वीच्या भत्त्यांच्या, हिंडण्याफिरण्याच्या भागातून हप्ता वळता करून अपंगाला सोयीची मोटार मिळण्याची व्यवस्था तेथे १९७७ पासून चालत आलेली आहे. २०१३ साली त्या भागाची कसोटी बदलताना पन्नास मीटरांचे माप वीस मीटरांवर आणले गेले, आणि जे वीस मीटर कसेबसे चालू शकत होते त्यांच्यापैकी अनेकांच्या दारातून मोटार परत नेली गेली. मोटार गेली तेव्हा नोकरीही गेली. ज्याला आपण काटकसर म्हणतो ती अशा वेळी एका खात्यातून काढून दुसऱ्या खात्यात टाकलेली रक्कम असते, आणि मधल्या मधे एका माणसाचे स्वावलंबन बुडीत खाती जमा झालेले असते.

हे सारे लिहिताना माझ्या डोळ्यांपुढून आपल्याकडील एक तहसील कचेरी हलत नाही. काही कामासाठी मी तेथे गेलो होतो. निराधार अनुदानाचे दफ्तर वरच्या मजल्यावर होते, आणि जिन्याच्या पायऱ्यांवर, एकेक पायरी बसत बसत, तळहातांवर भार देऊन, पन्नाशीतील एक गृहस्थ वर सरकत होते. कुबड्या त्यांनी खालीच भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. गळ्यात अडकवलेल्या कापडी पिशवीत कागद होते. धंद्याने ते शिंपी होते, हे बोटात घातलेल्या अंगुस्तानावरून ध्यानात येत होते. ते काढून ठेवण्याचेही भान त्या धांदलीत राहिले नसावे. वर कारकुनाने कागद चाळले आणि म्हटले, "मामा, हयातीचा दाखला आहे, पण अपंगत्वाची नोंद ऑनलाइन दिसत नाही. पुन्हा तपासणी करून आणा." मामा क्षणभर थांबले आणि शांतपणे म्हणाले, "भाऊसाहेब, दोन वर्षांचा होतो तेव्हा पोलिओ झाला. त्यानंतर पाय काही नव्याने फुटला नाही." कारकून माणूस वाईट नव्हता, त्याने मान खाली घातली, परंतु पडद्यावर जी नोंद नव्हती ती त्याला हाताने लिहिता येत नव्हती. मामा आले तसे, बसत बसत, खाली गेले. त्या महिन्याचे अनुदान राहिले, आणि पुढच्या महिन्याचेही राहिले असेल.

आपल्याकडे कपात ही अशी येते. तिच्यासाठी विधेयक मांडावे लागत नाही, म्हणून ती कोणी पाडूही शकत नाही. केंद्र सरकारच्या योजनेत अपंगत्व शेकडा ८० किंवा त्याहून अधिक असणाऱ्या दरिद्री माणसाला महिन्याला जे ३०० रुपये मिळतात, ते २०१२ पासून ३०० च राहिले आहेत. रकमेला कोणी हात लावला नाही, परंतु बाजारभावाने दरवर्षी तिचा एकेक तुकडा मोडून नेला. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याच्या २४ व्या कलमात असे स्पष्ट लिहिलेले आहे की अपंगांना मिळणारे साहाय्य इतरांच्या तत्सम योजनांपेक्षा निदान शेकडा २५ ने अधिक असावे. हे कलम पाठ असलेला अधिकारी मला अद्याप भेटलेला नाही. ते पाठ असलेले अपंग कार्यकर्ते मात्र पुष्कळ भेटले आहेत. महाराष्ट्रात २०२२ साली स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग निघाला, आणि २०२५ मध्ये संजय गांधी निराधार योजनेतील अपंगांचे अनुदान १,५०० वरून २,५०० रुपयांवर नेले गेले, हे योग्यच झाले. परंतु तेही आपसूक झालेले नाही. त्याच वर्षीच्या जूनमध्ये बच्चू कडू यांनी गुरुकुंज मोझरी येथे शेतकऱ्यांच्या व अपंगांच्या मागण्यांसाठी उपोषण केले तेव्हा मागणी ६,००० रुपयांची होती. आणि मुळात देशात अपंगांच्या हक्कांचा पहिला कायदा संसदेत मंजूर झाला तोही १९ डिसेंबर १९९५ रोजी अपंग-हक्क कार्यकर्ते जावेद आबिदी आणि त्यांचे सहकारी दिल्लीच्या रस्त्यावर उतरले, त्यानंतर तीनच दिवसांनी. हक्क कागदावर येण्याआधी कोणीतरी जिना चढलेला असतो.

नावाविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत. आपल्याकडे सरकारने अपंगांना 'दिव्यांग' म्हणण्याचा प्रघात पाडला, आणि त्यामागील सद्भावनेविषयी मी शंका घेणार नाही. ब्रिटनमध्ये २०२५ च्या कपातीविरुद्ध जे तरुण एकत्र आले त्यांनी आपल्या गटाच्या नावासाठी मात्र जाणूनबुजून लंगड्या-पांगळ्यांना हिणवण्याचा जुना इंग्रजी शब्द उचलला आणि तोच फलकावर मिरवला. एकीकडे राज्याने बहाल केलेला गौरव आहे, दुसरीकडे माणसांनी स्वतः निवडलेली शिवी आहे. आणि या दोहोंत आत्मसन्मान कोणत्या बाजूला अधिक आहे याचा विचार ज्याने त्याने करावा. आपल्या अंगात दिव्यत्व आहे असे ऐकून त्या शिंपीमामांना बरे वाटलेही असेल. परंतु दिव्य पुरुषाला वरच्या मजल्यावर बसत बसत जावे लागू नये, एवढी तरी त्या शब्दाची किंमत राज्याने भरली पाहिजे.

म्हणून माझे मागणे मोठे नाही. ज्याचे अपंगत्व आजन्म आहे त्याची तपासणी एकदाच व्हावी, आणि तिची नोंद जपण्याची जबाबदारी अर्जदाराची नसून दफ्तराची असावी. अनुदानाची रक्कम बाजारभावाशी कायद्याने बांधली जावी, म्हणजे ती न कापता कापली जाणार नाही. अनुदान जमा होण्याची तारीख पगाराच्या तारखेसारखी ठरलेली असावी. ज्या सरकारला आपल्या नोकरांचा पगार वेळेवर देता येतो त्याला हेही जमले पाहिजे. आणि निकष ठरवणाऱ्या प्रत्येक समितीवर, जिल्ह्यापासून मंत्रालयापर्यंत, ज्यांना ते निकष लागणार आहेत ती माणसे बसावीत. पाहुणे म्हणून नव्हे, मताच्या अधिकाराने.

यांतील शेवटची मागणी पहिली आहे असे मी मानतो. कमरेची ती रेषा ज्या टेबलावर आखली गेली, त्या टेबलाशी दुसऱ्याच्या हातून रोज अंग धुवून घेणारा एक माणूस मताच्या अधिकाराने बसलेला असता, तर ती तेथे आखली गेली नसती, असे मला वाटते. आणि निराधार अनुदानाची खोली कोठे असावी हे ज्या दिवशी ठरले, त्या दिवशी त्या बैठकीत शिंपीमामा असते, तर ती खालच्या मजल्यावर, दरवाजाशेजारी, असती.